बंद इंजिनाचा उतार

१

जयसिंग मिस्त्रींच्या शेडमध्ये ती गाडी वीस दिवस ताडपत्रीखाली उभी होती आणि वीस दिवसांत मिस्त्रींनी ताडपत्रीचं टोकही उचललं नव्हतं. एरवी माले गावात कुणाचा पाण्याचा पंप कुरकुरला, तरी हाक यायच्या आधी पाना घेऊन हजर होणारा हा माणूस. बायको गोजराबाई दोनदा म्हणाली, गाडी बघायची नसेल तर निदान तिच्यामागचं सरपण तरी काढून द्या. मिस्त्री सरपण काढून देत, तेही गाडीकडे पाठ करून.

कारण साधं होतं. त्या गाडीच्या मागच्या सीटवर त्यांचा मित्र मेला होता.

धुळाजी हा ताम्हिणीच्या वरच्या वाडीतला मेंढपाळ, मिस्त्रींचा तीस वर्षांचा दोस्त. वैशाखातल्या एका सकाळी त्याच्या छातीत कळ आली. दादासाहेब आणि सिद्धनाथ या त्याच्या दोन पोरांनी त्याला धाकट्याच्या नव्या गाडीत घातलं. बायको कोंडाबाई त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली आणि गाडी पौडच्या दवाखान्याकडे निघाली. गाडी दसऱ्याला घेतलेली, उणीपुरी आठ महिन्यांची एसयूव्ही. ऑटोमॅटिक, म्हणजे क्लच नाही, गिअर आपले आपण पडणार. माले दोन किलोमीटरवर आलं असताना चढाला इंजिन नुसतं ओरडायला लागलं आणि चाकं फिरेनात. फोनला रेंज नव्हती. चाळीस मिनिटांनी दुधाचा टेम्पो आला, तेव्हा घाईचं काही उरलं नव्हतं.

एकविसाव्या दिवशी, बुधवारी, कोंडाबाई एसटीनं आली. गोजराबाईनं दिलेला चहा तिनं थंड होऊ दिला आणि जुन्या टायरवर बसून सगळं सांगितलं. शोरूमच्या माणसांनी गाडी इथंच येऊन पाहिली होती. वॉरंटी लागू नाही, वापरणाऱ्याची चूक आहे, असं लिहून दिलं होतं. नवा गिअरबॉक्स पाच लाख साठ हजार. गाडीसाठी चाळीस मेंढ्या विकल्या होत्या आणि हप्ते अजून चार वर्षं होते. पण हे सगळं तिनं दुसऱ्या कुणाचं असावं तसं सांगितलं. तिचं दुखणं पुढे होतं.

"गाडी दुरुस्त व्हईल न्हाईतर गंजंल, मिस्त्री," ती म्हणाली. "मला कळलं पायजे, ती कुणी मोडली."

सिद्धनाथचा आळ थोरल्या भावावर होता. आबा, म्हणजे धुळाजी, जायच्या आठ दिवस आधी सिद्धनाथ भाडं मारून येऊन झोपला होता. तेव्हा दादासाहेबनं न विचारता चावी घेतली आणि चरात रुतलेला कुणाचा तरी पिकअप दोरीनं ओढून काढला. तेव्हाच गिअरबॉक्स गेला, असं सिद्धनाथ सगळ्या वाडीसमोर बोलला होता. दादासाहेब होही म्हणाला नाही आणि नाहीही. आता येत्या रविवारी मेंढरांची वाटणी होती. वाटणी झाली की थोरला बायकोच्या माहेरी, दौंडकडे निघून जाणार होता.

"मी कुणाकडं ऱ्हायचं?" कोंडाबाईनं विचारलं. "एकाकडं ऱ्हायले तर दुसऱ्याला वाटंल, आईनं निकाल दिला."

मिस्त्रींनी वेगळंच विचारलं, की जाताना धुळाजी काही बोलला का.

"मेंढरांच्या वाडग्यापाशी आलो तवा म्हनले, हळू, मेंढ्या हायेत. मग काय बोलले न्हाईत."

मिस्त्रींना आधी हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ रडू. स्वतःचा जीव चाललाय आणि याला मेंढ्यांची पडलेली. असाच होता तो. मिस्त्रींनी गळ्यातल्या उपरण्यानं डोळे पुसले, उठले आणि ताडपत्री ओढून काढली.

२

जयसिंग मिस्त्री एसटीच्या डेपोतून प्रमुख कारागीर म्हणून निवृत्त झाले आणि नंतर सहा वर्षं भूगावच्या एका गॅरेजात फक्त ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उघडत बसले. गिअरबॉक्स खोटं बोलत नाही, असं ते म्हणायचे. माणसांविषयी त्यांचं मत इतकं चांगलं नव्हतं.

या गिअरबॉक्सांची सगळी मदार तेलावर. पुढच्या बाजूला एक पंप असतो. इंजिन फिरलं की तो फिरतो आणि आतल्या प्रत्येक दात्याला तेल पाजतो. तेल मिळालं तर गिअरबॉक्स गाडीपेक्षा जास्त जगतो. नाही मिळालं तर आतला भाग आपल्याच उष्णतेनं जळतो.

गुरुवारी दुपारपर्यंत तो फरशीवर सुटा होऊन पडला होता. तेल काळं होतं आणि करपलेल्या दुधासारखा वास येत होता. मिस्त्रींनी एकेक भाग पुसून पोत्यावर ओळीनं मांडला आणि मग बराच वेळ त्या ओळीकडे बघत उकिडवे बसून राहिले. इंजिनाच्या बाजूचा पुढचा अर्धा भाग काल शोरूममधून आणल्यासारखा लखलखीत होता. चाकांच्या बाजूचा मागचा अर्धा भाग जळून निळाकाळा पडला होता.

एक गोष्ट तिथल्या तिथे कळली. जड ओझं ओढल्यानं गिअरबॉक्स गेला असता, तर आधी पुढचा भाग जळला असता, कारण ओझ्याचा ताण तिथं येतो. म्हणजे दादासाहेबनं ओढलेल्या पिकअपचा यात दोष नव्हता.

पण मग कोण? असा अर्धा जळालेला गिअरबॉक्स मिस्त्रींनी सबंध आयुष्यात एकदाच पाहिला होता. ती गाडी कुणीतरी बंद इंजिनानं दोरीला बांधून लोणावळ्यापासून ओढत आणली होती. इंजिन बंद, म्हणून पंप बंद, म्हणून तेल बंद. आणि चाकं मात्र तासभर फिरत होती. ही तशीच जखम होती, फक्त कितीतरी खोल. दोन किलोमीटरच्या ओढाओढीनं असं होत नाही. शिवाय त्या दिवशी चढावरून शेडमध्ये आणताना त्यांनी स्वतः ती क्रेनवर पूर्ण उचलून आणली होती.

तेव्हा प्रश्न असा होता: ही गाडी कुणी, कधी, इतकी लांब ओढत नेली आणि घरात कुणाला सांगितलं नाही?

३

मिस्त्रींना दोन माणसं आठवली. मालकाखेरीज या गाडीला हात लागले होते ते त्यांचेच.

पहिला भूगावचा राजू. सिद्धनाथ इंजिनाची सर्व्हिसिंग त्याच्याकडे करायचा. मिस्त्रींना बघून राजूनं खुर्ची पुसली आणि गाडीचं नाव काढताच त्याचा चेहरा पडला. गावभर बोललं जात होतं, की राजूनं गिअरबॉक्समध्ये भलतंच तेल ओतलं. भलतं तेल असतं तर सगळाच गिअरबॉक्स जळाला असता, असं मिस्त्रींनी सांगितलं तेव्हा त्याच्या जिवात जीव आला. गिअरबॉक्सचं झाकण आपण कधी उघडलंच नाही आणि गाडी दोरीनं कधी आणली नाही, हे त्यानं आईची शपथ घेऊन सांगितलं. सिद्धनाथ नेहमी स्वतः चालवत आणायचा.

"गाडी झकास व्हती, मिस्त्री. माझ्याकडच्या असल्या गाड्या लिटरला अकरा-बारा देतात. ह्याची सोळा द्यायची. मी म्हनायचो, तू काय मंतर मारतोस का."

"माझा चेला हाय," मिस्त्री म्हणाले. एवढ्या दुःखातही त्यांना तेवढा अभिमान आवरला नाही.

निघताना राजूला एक आठवलं. आठ महिन्यांत त्यानं गाडीच्या हँडब्रेकचे लायनर दोनदा बदलले होते. ऑटोमॅटिक गाडी उभी करताना गिअरचा दांडा पुढे ढकलला की ती जागची हलत नाही, हँडब्रेक लोक नावापुरता लावतात. इथं तो पार झिजलेला होता. मिस्त्रींनी ते ऐकलं, मान हलवली, पण त्यातून त्यांना काही उलगडेना.

दुसरा किशोर, कोथरूडहून येऊन ताम्हिणीत रिसॉर्ट चालवणारा. वरच्या वाडीचा चार किलोमीटरचा उतार संपतो आणि डांबरी रस्ता लागतो, तिथंच त्याचं फाटक. पाहुणे आणायचं काम सिद्धनाथला त्यानंच दिलं होतं. दसऱ्यानंतरच्या परतीच्या पावसात एकदा त्यानं ही गाडी स्वतः चालवून ओढ्यात घातली होती, हे सगळ्यांना माहीत होतं. शुक्रवारी मिस्त्रींनी त्याला सरळच विचारलं, की ओढ्यातून ती दोरीनं काढली का.

किशोर कसनुसा झाला. गाडी ओढ्यातून आपली आपण बाहेर आली होती, म्हणाला. त्याच्या मोबाइलमध्ये त्याचा व्हिडिओही होता, पाहुण्यांच्या टाळ्यांसकट. मिस्त्रींनी तो नीट बघितला. आत पाणी शिरलं असतं तर तेल फेसाळ, दुधाळ झालं असतं. ते तसं नव्हतं. म्हणजे किशोरही सुटला.

"मला खूप वाईट वाटतं हो," किशोर म्हणाला. "सिद्धनाथची गाडी म्हणजे आमच्या पाहुण्यांची लाडकी. इतकी शांत, की सकाळी फाटकाशी येऊन उभी राहायची तरी कळायचं नाही. आमचा वॉचमन शंभू म्हणायचा, साहेब, भुताची गाडी आहे."

नव्या गाड्या असतातच शांत, असं मिस्त्री स्वतःशी म्हणाले आणि मोटरसायकलला किक मारून वरच्या वाडीचा चढ चढू लागले. त्यांच्या मनात एकच टोचणी होती. गाडी कुणी ओढली नव्हती आणि तरी तिला ओढलेल्या गाडीची जखम होती.

४

वाडगं, म्हणजे मेंढरांचं कुंपण, वाडीच्या वाटेला अगदी खेटून होतं. मिस्त्री पोचले तेव्हा ते रिकामं होतं. मेंढ्या पाण्यावर गेल्या होत्या आणि दादासाहेब एकटाच कुंपणाच्या काट्या बांधत होता. परवा ज्या मेंढ्या वाटून जायच्या त्यांच्यासाठी तो कुंपण दुरुस्त करत होता.

पिकअपचं विचारल्यावर त्यानं काटी खाली ठेवली. व्हय, ओढला, म्हणाला. पिकअपमध्ये दुसऱ्याची आजारी म्हैस होती आणि सिद्धनाथ झोपला होता, म्हणून उठवलं नाही.

"मीच मारलं आबाला," तो म्हणाला. "म्हनून मी बोलत न्हाई. वाटणीत मी म्हाताऱ्या मेंढ्या घेनार. चांगल्या त्याला ऱ्हाऊद्यात, गाडीचं पैसं त्यातनं फिटतील."

मिस्त्रींनी त्याचा दंड धरला आणि सांगितलं, की पिकअपनं काहीही झालेलं नाही, मी गिअरबॉक्स डोळ्यांनी बघून सांगतोय. दादासाहेबनं मान डोलावली, पण ती मोठ्या माणसाचा मान राखावा तशी. खरा मोडणारा सापडल्याशिवाय या पोराचा विश्वास बसणार नव्हता. आणि रविवारपर्यंत मधे एकच दिवस होता.

बोलता बोलता मेंढ्या परतल्या आणि वाडग्यात बसल्या. त्यांतल्या बऱ्याच गाभण होत्या. मिस्त्री निघाले, मोटरसायकलवर बसले आणि किक मारली.

सगळा कळप एकदम उसळला. मेंढ्या एकमेकींवर चढल्या, कुंपणावर आदळल्या. दादासाहेब आत उडी टाकून दोन्ही हात पसरून, तोंडानं हलका आवाज करत त्यांना बसवायला लागला. मिस्त्रींनी घाबरून इंजिन बंद केलं.

"लांबनं येनारा आवाज चालतो त्यास्नी," दादासाहेब धापा टाकत म्हणाला. "पन बाजूला एकदम इंजन फुटलं की बुजतात, गाभ टाकतात. आबांचा नेम हाय, मिस्त्री. हितं कुनी गाडी चालू करत न्हाई. तशीच सोडा उताराला, खाली गेल्यावर चालू करा."

मिस्त्रींनी मोटरसायकल वाटेवर घेतली आणि तशीच सोडली. वाट उतरत होती. वळणामागून वळण गेलं, कानाला नुसतं वारं लागत होतं. इंजिन बंद आणि चाकं फिरतायत. वेग वाढला की ब्रेक, पुन्हा ब्रेक. मोटरसायकलचं ठीक, पण मोठ्या गाडीचा पायाचा ब्रेक इंजिन बंद असलं की दोन-तीनदा दाबून दगडासारखा होतो. मग माणूस काय करेल? हँडब्रेक ओढेल. रोज ओढेल. आठ महिन्यांत दोनदा त्याचे लायनर झिजवेल. आणि लिटरला सोळा किलोमीटर काढेल.

चार किलोमीटर संपले. रिसॉर्टच्या फाटकाशी पेंगत बसलेला शंभू वॉचमन दचकून उभा राहिला. त्याला मोटरसायकल आल्याचं कळलंच नव्हतं.

मिस्त्री खाली उतरले. ते रस्त्याकडेच्या दगडावर बसले. गाडी कुणीच ओढली नव्हती. तिला उतारानं ओढलं होतं.

५

शनिवारी सकाळी त्यांनी सिद्धनाथला बोलावून घेतलं. पोरगा वाळून गेला होता. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. मिस्त्रींनी ओळीनं मांडलेले भाग त्याला दाखवले नाहीत. आधी नुसतंच विचारलं, की सकाळी वाडीतून निघताना गाडी कशी काढतोस.

त्यानं सरळपणानं सांगितलं. चावी अर्धी फिरवायची म्हणजे स्टिअरिंग सुटतं. दांडा न्यूट्रलला. गाडी आपोआप वाटेला लागते. पहिले काही दिवस आबा स्वतः पुढे चालायचे, मेंढ्यांशी बोलत. वाडगं मागे पडलं तरी पुढं सगळा उतारच, मग चालू कशाला करायची? डांबरीला लागलं की चावी मारायची. दिवसाला दोन खेपा तरी व्हायच्या.

मिस्त्रींनी मनात हिशेब केला. आठ महिन्यांत जवळजवळ दोन हजार किलोमीटर ती गाडी तेलाशिवाय धावली होती.

"आरं पन," त्यांनी विचारलं, आणि विचारतानाच त्यांना उत्तर काय येणार ते कळलं, "हे तुला शिकीवलं कुनी?"

"तुमीच की, काका."

तो सहज म्हणाला, थोडा हसलाही. इतक्या दिवसांतलं ते त्याचं पहिलं हसू असावं.

बारा वर्षांपूर्वी मिस्त्रींकडे एक जुना टेम्पो होता. धुळाजीच्या धाकट्याला त्यांनी त्याच्यावर गाडी शिकवली. ताम्हिणीच्या उताराला इंजिन बंद करायचं, हँडब्रेकवर गाडी सांभाळत खाली आणायची; उतार फुकट मिळालाय, त्यात डिझेल जाळायचं नाही. टेम्पोचा गिअरबॉक्स साधा, आतले दाते तेलात बुडालेले, त्याला काही होत नसे. मिस्त्रींना या कसबाचा मोठा अभिमान. चहाच्या कपाएवढ्या डिझेलात घाट उतरवतो, असं ते चारचौघांत सांगायचे.

मग दसऱ्याला सिद्धनाथ नवी गाडी दाखवायला याच शेडपुढे आला होता. धुळाजी नवा फेटा बांधून पुढच्या सीटवर बसला होता. मिस्त्रींनी नारळ फोडला, बॉनेटवर थाप मारली आणि म्हणाले, तेल वेळेवर बघ, ब्रेक जपून मार. सहा वर्षं ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उघडत बसलेल्या माणसाच्या तोंडून एक वाक्य निघायचं राहिलं: हिला बंद करून सोडू नकोस.

मिस्त्री सिद्धनाथला म्हणाले, जा, उद्या वाटणीला मी येतो, तेव्हा सांगतो.

तो गेल्यावर त्यांनी गोजराबाईला सगळं सांगितलं. मग त्यांनी मनात शिजत असलेलं बोलून टाकलं. कारखान्यातलाच दोष होता, असं उद्या सांगायचं. जळालेले भाग त्यांच्याखेरीज कुणाला वाचता येणार होते? थोरला सुटेल, धाकट्याला कधी कळणार नाही, भाऊ एकत्र राहतील, आणि मिस्त्रींनाही कुणापुढे मान खाली घालावी लागणार नाही. कुणाचं काय वाईट होणार होतं?

गोजराबाई तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"गाडी नीट झाल्यावर त्यो तिला परत तशीच सोडनार न्हवं उताराला?" ती म्हणाली. "मग पुढच्या खेपंला मागं कोन बसलेलं असंल?"

६

रविवारी वाडग्यापाशी वाडीतली चार जुनी माणसं आली होती. एका परातीत गेरू कालवून ठेवला होता. धाकट्याच्या मेंढ्यांच्या पाठीवर त्याचा पट्टा ओढायचा, थोरल्याच्या तशाच राहतील. दोघे भाऊ दोन टोकांना उभे होते आणि मधे कोंडाबाई जमिनीकडे बघत बसली होती.

मिस्त्रींनी पिशवीतून दोन भाग काढून तिच्यापुढे ठेवले, एक लखलखीत आणि एक जळका. पिकअपनं, तेलानं, ओढ्यानं हे का होऊ शकत नाही, ते एकेक करून साध्या शब्दांत सांगितलं. इंजिन, पंप, तेल; उतार आणि फिरणारी चाकं. हँडब्रेकचं सांगितलं, शंभू वॉचमनच्या भुताचंही सांगितलं. ऐकता ऐकता सिद्धनाथचा चेहरा पांढरा पडत गेला. त्याच्या तोंडून शब्द फुटायच्या आत मिस्त्री घाईनं म्हणाले,

"थांब. आधी माझं ऐका. ही चाल ह्या पोराला मी शिकीवली. नव्या गाडीला ती चालत न्हाई हे मला ठावं व्हतं, पन सांगायचं ऱ्हायलं. वहिनी, तुमी ईचारलं व्हतं ना, कुनी मोडली? हात त्याचा, पन मोडली मी."

सिद्धनाथ खाली बसला. आबा गेले त्या दिवशी सकाळी तो चावी पूर्ण फिरवणार होता, म्हणाला. घाई होती, मेंढ्यांचं भान नव्हतं.

"आबांनी मागनं खांद्यावर हात ठिवला. हळू, म्हनले, मेंढ्या हायेत." त्यानं आपल्याच खांद्याला हात लावला. "मग म्या तशीच सोडली."

कोंडाबाईनं डोळे मिटून घेतले. नवऱ्याचे शेवटचे शब्द इतके दिवस ती उराशी धरून बसली होती. ते मेंढ्यांसाठी होते हे तिला ठाऊक होतं. त्यांनी आपल्या पोराचा चावीवरचा हात अडवला होता, हे तिला आत्ता कळलं. ती मोठ्यानं रडली, नवरा गेला त्या दिवशीही रडली नव्हती इतकी. मिस्त्री तिच्यासमोर मान खाली घालून उभे राहिले. आता ती जे म्हणेल ते ऐकून घ्यायचं, एवढंच त्यांनी ठरवलं होतं. रडून झाल्यावर तिनं तो जळका भाग उचलून पदरात घेतला.

दादासाहेब वाडग्याच्या टोकावरून चालत आला. त्यानं गेरूची परात उचलून कुंपणापलीकडे मातीत पालथी केली आणि भावापुढे उभा राहिला.

"मेंढरं तहानलीत," तो म्हणाला. "चल, पान्यावर न्यायचीत."

सिद्धनाथ लगेच उठला नाही. दादासाहेब तसाच थांबून राहिला.

७

सुटे भाग एक लाख तीस हजारांचे झाले. बारा मेंढ्या विकून दोघा भावांनी मिळून ते पैसे भरले. मिस्त्रींनी मजुरी सांगितली नाही आणि सिद्धनाथनं विचारली नाही. दोघांनाही ते बोलणं जमलं नसतं. तीन आठवडे मिस्त्री रोज शेडमध्ये बसले. गिअरबॉक्स पुन्हा जुळवताना त्यांचे हात अधूनमधून थांबत आणि गोजराबाई तेवढ्यात चहा घेऊन येई.

गाडी घेऊन ते स्वतःच वर गेले आणि तीन रात्री तिथंच राहिले, कारण त्यांना एक गोष्ट डोळ्यांनी बघायची होती.

पहिल्या सकाळी सिद्धनाथ चावीला हात लावून नुसताच बसून राहिला. दादासाहेब वाडग्यात शिरला आणि बाप जिथं उभा राहायचा तिथं उभा राहिला. कोंडाबाईनं दारातून हाताची खूण केली. इंजिन सुरू झालं, कळप उसळला, धूळ उडाली. दादासाहेब हात पसरून तोंडानं हलका आवाज करत राहिला. मेंढ्या बसायला बराच वेळ लागला. गाभ कुणी टाकला नाही.

दुसऱ्या सकाळी निम्म्याच उठल्या.

तिसऱ्या सकाळी सिद्धनाथनं चावी फिरवली तेव्हा कडेच्या एका म्हाताऱ्या मेंढीनं मान वर केली, गाडीकडे बघितलं आणि परत खाली घातली. बाकीच्या रवंथ करत होत्या. दादासाहेबचे पसरलेले हात तसेच हवेत राहिले.

कोंडाबाई मिस्त्रींशेजारी उभी होती. कितीतरी वेळ ती त्या मेंढ्यांकडे बघत राहिली.

"तीनच दिस लागले, मिस्त्री," ती म्हणाली.

गाडी वाडगं ओलांडून पहिल्या वळणाला गेली आणि दिसेनाशी झाली. खाली डांबरीला लागेपर्यंत तिच्या इंजिनाचा आवाज येत होता आणि तिघंही तो ऐकत उभे होते.